अर्ध्यात थांबलेलं पार्टिशन

पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या वाटून दिलेल्या भागाचा, आकार बदलण्याचं काम मध्येच तुटतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि जिथे चारशे जीबीचा ड्राइव्ह होता तिथे आता 'अनअलोकेटेड', म्हणजे कुणालाच न दिलेली जागा, एवढंच दिसतं. कधी ड्राइव्ह दिसतो, पण फाइल सिस्टिमच्या (कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या रचनेच्या) रकान्यात 'रॉ', म्हणजे ओळखता न आलेली, असं लिहिलेलं असतं. विंडोज तर लगेच विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? घाबरलेल्या माणसाला तो प्रश्नच उपाय वाटतो. 'नाही' म्हणावं. त्या क्षणी डिस्कवरचे फोटो, हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध, सगळं बहुतेक जसंच्या तसं पडून असतं. तुटलेली असते ती त्यांच्यापर्यंत जाणारी वाट. ती पुन्हा जोडणं हे पुष्कळदा साध्या बेरीज-वजाबाकीचं काम असतं. अट एकच, की मधल्या काळात त्या डिस्कवर कुणी काही लिहिलेलं नसावं.

माझं स्पष्ट मत आहे, की अशा अपघातात जितकं नष्ट होतं त्याहून जास्त नंतरच्या घाईच्या दुरुस्तीत नष्ट होतं. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर चालवावं हा प्रश्न नंतरचा. आधी कळायला हवं, की काम नेमक्या कुठल्या पायरीवर थांबलं.

त्यासाठी डिस्कवर काय कुठे असतं ते डोळ्यांसमोर हवं. पार्टिशन ही तक्त्यातली एक नोंद असते: अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे डिस्कवर एका वेळी वाचता-लिहिता येणारा सर्वांत लहान तुकडा). जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसतो. ४४६ बाइट बूट कोडचे, मग प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी आणि शेवटी '५५ एए' ही दोन बाइटची खूण. म्हणजे अख्ख्या डिस्कची मुख्य वाटणी ६४ बाइटमध्ये, आणि तीही एकाच प्रतीत. जीपीटी ही नवी पद्धत त्या मानाने सावध आहे. सेक्टर ० वर संरक्षक एमबीआर, १ वर 'ईएफआय पार्ट' अशी सही असलेलं हेडर, २ ते ३३ मध्ये १२८ नोंदी, आणि हेडर व नोंदी यांची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत. दोन्हींसोबत सीआरसी-३२ हा मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे कुठली प्रत बिघडली आहे ते लगेच ओळखता येतं.

पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम आपली स्वतंत्र ओळख ठेवून असते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमच्या पहिल्या सेक्टरमध्ये चौथ्या बाइटपासून 'एनटीएफएस' ही अक्षरं असतात, आणि त्या बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये. पेनड्राइव्हवर दिसणाऱ्या फॅट३२ची प्रत सेक्टर ६ वर (मोजणी शून्यापासून). लिनक्सच्या ईएक्सटी४चा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मुख्य ओळखनोंद, १०२४ बाइट सोडून सुरू होतो आणि त्याच्या प्रती ४ केबीच्या ब्लॉकच्या हिशेबाने ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६ या ब्लॉकांवर ठेवलेल्या असतात. या जागा ठरलेल्या आहेत म्हणूनच तक्ता पूर्ण पुसला गेला तरी पार्टिशन कुठे सुरू होत होतं ते शोधता येतं.

आता आकार बदलताना काय घडतं ते पाहू. पार्टिशन शेवटाकडून लहान करताना आधी फाइल सिस्टिम आकसते: शेवटच्या भागातला मजकूर सुरुवातीकडच्या मोकळ्या जागेत उचलून ठेवला जातो, कुठली फाइल कुठे याच्या नोंदी बदलल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी तक्त्यातला आकडा कमी होतो. मोठं करताना क्रम उलटा. आधी तक्ता, मग फाइल सिस्टिम. ही दोन्ही कामं तुलनेने सुरक्षित आहेत. तिसरं काम सर्वांत धोक्याचं: पार्टिशनची सुरुवात डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणं. यात फाइल सिस्टिमचा प्रत्येक सेक्टर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहिला जातो, आणि जुनी-नवी जागा एकमेकांवर चढलेल्या असतात. शंभर जीबी असोत की तीन टेराबाइट, सगळं हलतं. तासन्‌तास चालणाऱ्या या कामात लॅपटॉप झोपी जातो, यूएसबीची केबल सैल होते, एखादा खराब सेक्टर वाचता येत नाही, वीज जाते, किंवा ४३ टक्क्यांवर आकडा बराच वेळ हलला नाही म्हणून कुणीतरी प्रोग्रॅम बंद करतं. हा शेवटचा प्रकार फार दिसतो. टक्केवारीचा आकडा थांबला म्हणजे काम थांबलं असं नसतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, वाचन-लेखन चालू असेल, तर हात लावू नये.

पण समजा, थांबलंच. तर पहिली गोष्ट, ती डिस्क यंत्रणेच्या हातून काढून घ्यायची. विंडोज त्याच डिस्कवरून चालत असेल तर ते बंद करायचं आणि लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे डिस्कवर काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच, लिनक्स सुरू करायचं. लिनक्समध्येही डेस्कटॉप आपणहून ड्राइव्ह माउंट करतो, म्हणजे वापरासाठी उघडतो. ते आधी बंद करावं. ईएक्सटी४ 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली तरी जर्नलमधली (करायच्या बदलांच्या वहीतली) बाकी राहिलेली कामं ती डिस्कवर लिहून टाकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते टाळायला 'नोलोड' हा पर्याय आहे, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे 'ब्लॉकडेव्ह' या आज्ञेला 'सेटआरओ' सांगून सगळं उपकरणच केवळ-वाचन करून ठेवणं.

मग स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची तब्येत बघायची; डिस्क स्वतःच ठेवत असलेला 'स्मार्ट' नावाचा अहवाल ते दाखवतं. अहवालात तीन ओळी महत्त्वाच्या: क्रमांक ५, म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न आलेले, निर्णयासाठी ताटकळत असलेले सेक्टर, आणि १९८, सुधारता न आलेले. तिन्ही शून्य असतील तर अपघात बहुधा केवळ नोंदींचा आहे. १९७ वाढत असेल तर आकार बदलणं हे निमित्त होतं, मूळ आजार डिस्कचा आहे, आणि आता प्रत्येक तास मोलाचा. डिस्क खटखट आवाज करत असेल, किंवा फिरायला लागून पुन्हा थांबत असेल, तर यातलं काहीही घरी करू नये. वीज काढावी आणि धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेत न्यावी.

डिस्क धडधाकट असो वा नसो, पुढची पायरी टाळता येत नाही: संपूर्ण डिस्कची सेक्टरगणिक इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये घेतलेली हुबेहूब नक्कल. पार्टिशनची नव्हे, अख्ख्या डिस्कची, कारण पार्टिशन कुठे आहे हेच तर आपल्याला नक्की माहीत नाही. १ टीबीच्या डिस्कवर सहसा १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. त्या आकाराची इमेज दुसऱ्या १ टीबीच्या डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही, कारण त्या डिस्कवरच्या फाइल सिस्टिमलाही थोडी जागा लागते. म्हणून २ टीबीची घ्यावी. वाचवलेल्या फाइली काढायलाही तीच जागा कामी येते. ती फॅट३२ नसावी, तिथे एक फाइल ४ जीबीच्या आतच राहावी लागते. सेकंदाला १०० एमबी हा वेग धरला तर १ टीबी वाचायला जवळपास पावणेतीन तास.

हे काम जीएनयू डीडीरेस्क्यूने करावं. साधं डीडी, लिनक्समधली कॉपी करण्याची जुनी आज्ञा, पहिल्याच वाचन-चुकीला थांबतं. पुढे जायला सांगितलं तरी कुठे काय राहिलं याचा हिशेब ठेवत नाही. डीडीरेस्क्यूला तीन नावं द्यायची: आधी मूळ डिस्क, मग इमेज, मग मॅपफाइल. मॅपफाइल ही साधी मजकुराची फाइल, तिच्यात कुठला पट्टा वाचला आणि कुठला राहिला ते नोंदलेलं असतं, त्यामुळे काम कितीही वेळा थांबवून पुढे चालू करता येतं. पहिल्या फेरीत 'एन' हा पर्याय द्यावा, म्हणजे खराब पट्ट्यांशी झटत न बसता चांगला भाग आधी हाती येतो. नंतरच्या फेरीत 'डी' आणि 'आर३': थेट वाचन आणि तीन पुनःप्रयत्न. एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इमेज साध्या फाइलमध्ये घेताना डीडीरेस्क्यू कधीच 'फोर्स' मागत नाही. तो मागायला लागला तर आपण लिहिण्याच्या जागी एखादं उपकरण दिलं आहे. तिथेच थांबून नावांचा क्रम पुन्हा वाचावा.

बाहेरच्या खोक्यातली यूएसबी डिस्क असेल तर ती खोक्यातून काढण्याआधी विचार करावा. काही खोकी ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क ४०९६ बाइटची म्हणून दाखवतात. तशी डिस्क थेट साटाला, म्हणजे संगणकाच्या आतल्या जोडणीला, जोडली की तक्त्यातला प्रत्येक आकडा आठपट चुकीच्या जागी बोट दाखवतो. काही खोकी आपणहून एन्क्रिप्शनही करतात. त्यांच्याबाहेर डिस्कवर फक्त कचरा दिसतो. ज्या जोडणीवर पार्टिशन केलं होतं, त्याच जोडणीवर इमेज घ्यावी.

इमेज हाती आली, की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवायची. इथून पुढचं सगळं इमेजवर, आणि जिथे लिहावं लागेल तिथे इमेजच्या प्रतीवर. दुसऱ्या प्रतीपुरती जागा नसेल तर बदल वेगळ्या फाइलमध्ये साठवणारा थर इमेजवर चढवता येतो; लिनक्समधल्या डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट हे काम चोख करतो. बदल फसला तर थर फेकून द्यायचा, खालची इमेज तशीच.

सगळ्यात सोपी परिस्थिती म्हणजे फक्त तक्ता चुकलेला. एखाद्याने फाइल सिस्टिम लहान न करताच तक्त्यातला आकडा कमी केला, किंवा तक्ता लिहिता लिहिता काम तुटलं. ईएक्सटी४ असेल तर ई२एफएससीके हे तिची तपासणी करणारं साधन स्पष्ट सांगतं, की सुपरब्लॉकनुसार फाइल सिस्टिम इतक्या ब्लॉकांची आहे आणि उपकरण मात्र तितक्याच ब्लॉकांचं नाही. दोघांपैकी एक बिघडलेलं दिसतं, थांबू का? इथे 'हो, थांब' हेच उत्तर. पुढे जाऊ दिलं तर ते शेवटाबाहेरच्या ब्लॉकांवरच्या फाइलींच्या नोंदी साफ करायला लागेल. तक्त्यात जुना शेवट परत लिहिला, की फाइल सिस्टिम पूर्ववत उघडते, कारण मजकूर जागचा हललेलाच नसतो.

जुना आकडा आठवत नसेल तर टेस्टडिस्क. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मुक्त साधन इमेजचं नाव देऊन थेट इमेजवर चालतं. लॉग तयार करायला सांगायचं, तक्त्याचा प्रकार निवडायचा (जुन्या पद्धतीला तिथे 'इंटेल' म्हणतात), मग 'ॲनलाइज' आणि 'क्विक सर्च'. त्याने जमलं नाही तर 'डीपर सर्च', ज्याला तास लागू शकतात. सापडलेल्या प्रत्येक ओळीवर जाऊन 'पी' दाबलं की आतल्या फाइलींची यादी दिसते, आणि हीच खरी परीक्षा. आकार बदललेल्या डिस्कवर टेस्टडिस्क हमखास एकमेकांवर चढलेली दोन पार्टिशनं दाखवतं. एनटीएफएस लहान केल्यावर जुन्या शेवटावरची बूट सेक्टरची प्रत तिथेच राहून जाते, आणि तिच्यावरून जुनं मोठं पार्टिशनही 'सापडतं'. दोन्हींची यादी उघडून पाहावी, आतल्या दोन-चार फाइली 'सी' दाबून बाहेर काढाव्यात, त्या उघडतात का पाहावं. 'राइट' दाबण्याची घाई कशाला? फाइली यादीतूनच बाहेर काढता येत असतील तर तक्ता लिहिण्याची गरजही उरत नाही.

तक्ता बरोबर, पण फाइल सिस्टिमची सुरुवात बिघडलेली, ही दुसरी अवस्था. एनटीएफएससाठी टेस्टडिस्कच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'बूट' आणि तिथे 'बॅकअप बीएस', म्हणजे शेवटची प्रत सुरुवातीच्या जागी आणणं. ईएक्सटी४साठी ई२एफएससीकेला 'बी ३२७६८' आणि ब्लॉकचा आकार ४०९६ असं सांगायचं, तेही आधी 'एन' लावून, म्हणजे ते नुसतं काय करणार ते सांगेल, करणार काही नाही. प्रती नेमक्या कुठे आहेत अशी शंका असेल तर फाइल सिस्टिम बनवणाऱ्या एमकेई२एफएसलाही 'एन' लावून विचारता येतं. हे 'एन' विसरलं तर मात्र नवी फाइल सिस्टिम तयार होते, म्हणून हा प्रयोग फक्त इमेजच्या प्रतीवर.

हाताने शोधायची वेळ आली तर एनटीएफएस एक चांगला धागा देते. विंडोजने फॉरमॅट केलेल्या, ४ केबी क्लस्टरच्या (क्लस्टर म्हणजे फाइलींना जागा देण्याचं एकक) पार्टिशनमध्ये फाइलींचा मुख्य तक्ता, एमएफटी, बहुधा क्लस्टर ७,८६,४३२ वर सुरू होतो. ते अंतर बरोबर ३ जीबीचं, म्हणजे ६२,९१,४५६ सेक्टरांचं. एमएफटीची प्रत्येक नोंद सहसा १०२४ बाइटची आणि 'फाइल' या चार रोमन अक्षरांनी सुरू होणारी. कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरने पहिली नोंद सेक्टर ६२,९३,५०४ वर सापडली, तर ६२,९१,४५६ वजा करून उरतात २०४८, आणि पार्टिशन तिथूनच सुरू होत होतं हे कळतं. २०४८ हा आकडा आला की जिवात जीव येतो, कारण आजची जवळजवळ सगळी साधनं पार्टिशनची सुरुवात १ एमबीच्या पटीत करतात. एमएफटीच्या नोंदी दिसल्या पण त्यांची जागा अशी सरळ हिशेबात बसली नाही, तर त्या एमएफटीच्या पहिल्या चार नोंदींच्या आरशाच्या प्रतीतल्या नाहीत ना, किंवा जुन्या फॉरमॅटच्या उरलेल्या नाहीत ना, हे पाहावं.

आता तिसरी अवस्था, सरकवताना तुटलेली. इथे माणसं सर्वांत लवकर हार मानतात, आणि इथेच हिशेब सर्वांत सुंदर जुळतो.

उदाहरण घेऊ. ४०० जीबीचं पार्टिशन सेक्टर १०,४८,५९,६४८ वर सुरू होत होतं. त्याच्या आधी ५० जीबी मोकळे होते म्हणून ते डावीकडे, सेक्टर २०४८ पर्यंत सरकवायचं होतं. सरकण्याचं अंतर झालं १०,४८,५७,६०० सेक्टर. डावीकडे सरकवताना साधन सुरुवातीपासून पुढे कॉपी करत जातं, उजवीकडे सरकवताना शेवटापासून मागे. नाहीतर न उचललेला मजकूरच झाकला गेला असता. यातून पहिली दिलाशाची गोष्ट निघते. काम पहिल्या ५० जीबीच्या आत तुटलं असेल तर आतापर्यंतचं सगळं लिखाण मोकळ्या जागेत झालेलं आहे आणि जुन्या पार्टिशनचा एकही सेक्टर बिघडलेला नाही. तक्त्यात जुनी सुरुवात आणि जुना शेवट लिहिला की काम संपलं. मात्र तक्ता पाहून फसू नये: जीपार्टेडसारखं पार्टिशन बदलणारं साधन सरकवण्याआधी जुनी आणि नवी अशा दोन्ही जागा व्यापणारी एकच मोठी नोंद करून ठेवतं, त्यामुळे मध्ये तुटल्यावर तक्त्यात दिसणारा आकार ना जुना असतो ना नवा.

पन्नास जीबीच्या पुढे गेलं असेल तर? तेव्हा डिस्कवर एक शिवण असते. शिवणीच्या डावीकडे सगळं नव्या जागी बसलेलं, उजवीकडे सगळं जुन्या जागी. अशा पार्टिशनची नव्या जागेवरून यादी उघडली तर फाइलींची नावं, फोल्डर, तारखा सगळं नीट दिसतं, कारण एमएफटी सुरुवातीलाच असल्याने आधी सरकला. काही फाइली उघडतात, काहींच्या आत भलताच मजकूर निघतो. हे पाहून 'फाइली करप्ट झाल्या' असं म्हणून माणूस विंडोजचं दुरुस्तीचं साधन, चेकडिस्क, चालवतो, आणि तिथे खरं नुकसान होतं. चेकडिस्कला शिवण कळत नाही. जिथे नोंद आणि मजकूर जुळत नाही तिथे ते नोंद चूक मानतं, फोल्डरमधली नावं खोडतं आणि उरलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात सीएचके फाइली करून टाकतं.

शिवण शोधायची रीत अशी. तुटलं त्या क्षणी शिवणीच्या लगतचा ५० जीबीचा मजकूर डिस्कवर दोनदा असतो: एकदा नव्या जागी, आणि बरोबर १०,४८,५७,६०० सेक्टर पुढे, जुन्या जागी. कारण उचललेला मजकूर मूळ जागेवरून पुसला जात नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच असतो. म्हणून इमेजमध्ये दर १ जीबीवर एक सेक्टर घ्यायचा आणि तो स्वतःपासून १०,४८,५७,६०० सेक्टर पुढच्या सेक्टरशी ताडून पाहायचा. शून्यांनी भरलेले सेक्टर सोडून द्यायचे, ते कुठेही जुळतात. सुरुवातीला काहीच जुळणार नाही. मग एका टप्प्यापासून जुळायला लागेल, जवळपास ५० जीबी जुळत राहील आणि पुन्हा जुळणं थांबेल. समजा, हा जुळणारा पट्टा सेक्टर २९,५१,४२,४०० पासून ४०,००,००,००० पर्यंत निघाला. शिवण आहे ४० कोटीवर. वीज गेली असेल तर डिस्कच्या कॅशमधले शेवटचे काही एमबी प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, उतरलेच नसतील, त्यामुळे ही कड थोडी विस्कटलेली असू शकते. त्याने घाबरून जायचं कारण नाही. मजकूर दोन ठिकाणी असल्यामुळे आपण जोड या पट्ट्यात कुठेही देऊ शकतो, आणि शहाणपण कडेपासून लांब, मध्यावर देण्यात आहे.

जोड ३५ कोटीवर देऊ. पहिला तुकडा: सेक्टर २०४८ पासून ३४,९९,९९,९९९ पर्यंत, म्हणजे ३४,९९,९७,९५२ सेक्टर. दुसरा तुकडा ३५ कोटी अधिक सरकण्याचं अंतर, म्हणजे ४५,४८,५७,६०० पासून जुन्या शेवटापर्यंत, ९४,३७,२०,४४७ पर्यंत, सेक्टर ४८,८८,६२,८४८. दोन्हींची बेरीज ८३,८८,६०,८००, बरोबर ४०० जीबी. बेरीज एका सेक्टरानेही चुकली तर दुसरा तुकडा सगळाच चुकीच्या जागी बसेल, म्हणून कॉपी करण्याआधी ती कागदावर करून पाहावी. मग डीडीने दोन्ही तुकडे एकामागे एक नव्या फाइलमध्ये लिहायचे आणि ती फाइल केवळ-वाचन माउंट करायची. पूर्ण पार्टिशन समोर उभं राहतं, नावांसकट, फोल्डरांसकट. उजवीकडे सरकवलेलं असेल तर हेच आरशातल्यासारखं: सुरुवातीचा भाग जुन्या जागेवरून घ्यायचा, शेवटचा नव्या.

हे सेक्टरगणिक सरकवणाऱ्या साधनांना लागू. काही साधनं फक्त वापरातले क्लस्टर उचलतात. तिथे मोकळ्या जागेतले सेक्टर जुळणार नाहीत, म्हणून नमुना दाट घ्यावा लागतो. जोडण्याची रीत तीच. जीपार्टेडने तपशील फाइलमध्ये साठवू दिला असेल तर जुनी सुरुवात, नवी सुरुवात आणि आकार तिथे आयतेच मिळतात. ती फाइल त्याच डिस्कवर साठवलेली नसावी, एवढंच.

फाइल सिस्टिम आकसताना तुटली असेल तर असा एकच जोड नसतो. मजकूर इकडेतिकडे विखरून हललेला असतो. सुदैवाने बरी साधनं आधी कॉपी करतात, नोंद नंतर बदलतात, त्यामुळे जुन्या नोंदी जुन्या जागांकडे बोट दाखवत राहतात आणि जुन्या पूर्ण आकाराने उघडलं तर पुष्कळ काही मिळतं. ईएक्सटी४चा आकार बदलणाऱ्या रिसाइझ२एफएसला सुरुवातीलाच 'झेड' पर्यायाने एक अनडू फाइल दिली असेल तर ई२अनडू सगळे बदल उलटे फिरवतं. ही सोय इतकी चांगली असून इतकी कमी वापरली जाते याचं वाईट वाटतं.

काहीच जुळत नसेल तेव्हा फोटोरेक हे साधन. ते फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. सेक्टर वाचत फाइलींच्या खुणा शोधतं. जेपीईजी 'एफएफ डी८ एफएफ'ने सुरू होते, पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि 'पीडीएफ' अक्षरांनी. फाइली मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात, आणि तुकड्या-तुकड्यांत साठवलेली मोठी फाइल अर्धवट निघते. व्हिडिओ आणि डेटाबेस यांचं नुकसान सर्वांत जास्त. आधी फोटोरेक चालवणं मला पटत नाही. लाखभर बेनाव फाइली समोर आल्या, की माणूस त्यांतच गुंततो आणि नावांसकट परत मिळू शकणारं पार्टिशन मागे पडतं.

दोन ठिकाणी हे सगळं गणित अडतं. एक म्हणजे एन्क्रिप्शन. विंडोजचं बिटलॉकर आपल्या मेटाडेटाच्या (एन्क्रिप्शनच्या स्वतःच्या माहितीच्या) तीन प्रती ठेवतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असेल तर आशा असते. लिनक्सच्या लक्समध्ये किल्ल्यांचे कप्पे सुरुवातीलाच, एकाच जागी असतात. तो भाग झाकला गेला आणि हेडरची वेगळी प्रत ठेवलेली नसेल तर पासवर्ड माहीत असूनही काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे ट्रिम. एसएसडीवर विंडोजची झटपट फॉरमॅट किंवा एमकेएफएसची ईएक्सटी४ बनवताना होणारी डिस्कार्ड ही जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवते, आणि त्यानंतर तिथे वाचलं तर बहुधा शून्यं मिळतात. काही एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कसुद्धा ट्रिम मानतात. फॉरमॅटच्या त्या नम्र प्रश्नाला 'हो' म्हणू नये, याचं सर्वांत ठोस कारण हे.

फाइली बाहेर काढल्यावर तपासणी नीट करावी. यादी पूर्ण दिसणं हा पुरावा नव्हे. आकार बरोबर असूनही आत नुसती शून्यं असू शकतात. वेगवेगळ्या फोल्डरांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या फाइली उघडाव्यात. झिप आणि त्याच बांधणीच्या ऑफिस फाइलींना झिपची चाचणी लावावी. एसक्यूलाइटच्या डेटाबेसला 'इंटेग्रिटी चेक' विचारावा. बिघडलेल्या फाइली डिस्कवर कुठे बसल्या आहेत ते पाहावं. त्या सगळ्या एकाच सेक्टराच्या पुढच्या निघाल्या तर जोड चुकला आहे, अंतर पुन्हा तपासायचं. विखुरलेल्या निघाल्या तर डीडीरेस्क्यूची मॅपफाइल समोर ठेवून त्या वाचता न आलेल्या पट्ट्यांत येतात का ते ताडायचं.

मूळ डिस्कला हात लावायचा तो यानंतर, वाचवलेल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्यावर. आधी तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहावीत, मग स्मार्टची लांब चाचणी लावावी. ताटकळलेले सेक्टर लिहिल्यानंतरच निकाली निघतात: लिखाण टिकलं तर १९७ चा आकडा खाली येतो, नाही टिकलं तर बदली सेक्टर दिला जातो आणि ५ चा आकडा वर जातो. ५ वर गेला आणि आणखी एका पूर्ण लिखाणानंतर पुन्हा वर गेला, तर त्या डिस्कवर नवं पार्टिशन करू नये.